भिंतीवरची शाल

मनुष्यप्राण्याला आयुष्यात तीन वेळा न मागता कापड मिळते. एकदा जन्मल्यावर, एकदा सत्काराच्या वेळी आणि एकदा अगदी शेवटी. यांपैकी पहिले आणि तिसरे अंगाला लागते. मधले लागत नाही. ते खांद्याला टेकते, फोटो निघतो आणि ते कपाटात जाते.

या मधल्या कापडाचा आपल्याकडे कोणी गांभीर्याने अभ्यास केलेला नाही, ही खेदाची बाब आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते हे शाळेच्या पुस्तकात असते. सत्कार पिकतात हे नसते. वास्तविक पहिल्या तिघांना पाऊस लागतो, फवारणी लागते. चौथ्याला एक हॉल, एक माइक आणि दोन माणसे पुरतात (एक सत्कार करणारा, एक करून घेणारा, पुढच्या वेळी अदलाबदल). आमच्या ढोबळ पाहणीनुसार एकट्या आर्णी शहरात पन्नाशी ओलांडलेल्या दर दहा प्रतिष्ठितांपैकी अकरा जणांचा सत्कार झालेला आहे. अकरावा गृहस्थ स्टेजवर खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसला होता.

सत्काराच्या शालीचा थंडीशी संबंध नसतो. मे महिन्यात, भर दुपारी, पंखे बंद पडलेल्या हॉलमध्ये ती तितक्याच आदराने अंगावर घातली जाते, आणि सत्कारमूर्तीही तितक्याच आदराने घामाघूम होते. टाळ्या संपल्या की शाल घडीवर घडी घालून पुन्हा आपल्या पारदर्शक पिशवीत जाते. ही पिशवी फार महत्त्वाची. पिशवी शाबूत असेल तर शाल नवी. पिशवी फाटली की शाल वापरलेली, मग ती कोणाच्याही अंगाला लागलेली नसो. शाल पिशवीतून काढून बघणे हे आपल्याकडे दुसऱ्याचे पत्र फोडण्याइतके वाईट समजतात. पुढे कोणाचा तरी सत्कार निघतो, पिशवी कपाटातून निघते, आणि तीच शाल मास्तरांकडून वकिलांकडे, वकिलांकडून डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडून पुन्हा (दुसऱ्या) मास्तरांकडे जाते. सरासरी एक शाल सात जणांचा गौरव करते आणि मग उंदरांच्या स्वाधीन होते. एवढी निरपेक्ष समाजसेवा तालुक्यात दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या शिस्तीला आर्णीत एकच माणूस अपवाद निघाला. डोमाजी मुनेश्वर. एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल दिली, आणि डोमाजींनी त्याच रात्री पिशवी टराटरा फाडून ती पांघरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर शाल लपेटून चहा पीत बसले असताना वामनराव देशकर फिरायला निघाले होते. वामनराव म्हणजे शिक्षण खात्यातले निवृत्त अधिकारी आणि गावातल्या ‘कलासंवर्धन व सत्कार समिती’चे तहहयात अध्यक्ष. (समितीच्या नावातला पहिला शब्द लेटरहेड भरून दिसावे म्हणून आहे.) ते जागच्या जागी थांबले.

“अहो डोमाजी, ती सत्काराची शाल आहे!”

“हाव नं साहेब. म्हनून तं गरम हाये.”

वामनरावांनी रस्ता बदलला तो कायमचा. डोमाजींनी शाल बदलली नाही.

या डोमाजींची मुलगी साधना. ती मिश्रमाध्यम भरतकाम करते. मिश्रमाध्यम भरतकाम म्हणजे ज्यात भरतकाम असते आणि भरतकाम नसलेलेही बरेच काही असते. साधनाने यवतमाळला चित्रकला शिक्षिकेची पदविका घेतली आणि आर्णीतल्या एका शाळेत ती तासिका तत्त्वावर लागली. (या तत्त्वानुसार माणूस तासापुरता शिक्षक असतो व उरलेल्या वेळात आशावादी.) उरलेला वेळ भरपूर असल्याने कलेची भरभराट झाली. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, मोडक्या छत्रीचे कापड, लग्नातल्या हारांची जर, जे हाताला लागेल त्यावर ती सुई चालवू लागली. आईच्या, म्हणजे मथुराबाईंच्या, गुडघ्याच्या एक्स-रेवर तिने साखळी टाक्याने आंब्याचा मोहोर भरला. मथुराबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “आता दुखनं दिसाले तरी बरं दिसते.” आजवर साधनाच्या कलेची झालेली ही सर्वांत सखोल समीक्षा आहे.

कलावंताच्या कारकिर्दीचे तीन टप्पे असतात. पहिल्यात लोक विचारतात, हे काय आहे? दुसऱ्यात विचारतात, हे कशासाठी? तिसऱ्यात विचारतात, हे ब्लाऊजवर करून देशील काय? काहींचे अख्खे आयुष्य पहिल्याच टप्प्यात जाते. साधनाने तिसरा टप्पा एका दुपारीत गाठला आणि त्यानंतर तिने दार लावून काम करायला सुरुवात केली.

अशाच एका दुपारी तिची नजर वाळत घातलेल्या शालीवर गेली.

“बाबा, तुमची शाल द्या बरं.”

“कायले?”

“कापत नाही. भरायची हाये. मधात तुमची राहीन, आजूबाजूला दुसऱ्याइच्या.”

“अन् मले थंडी वाजली तं? तुही कला पांघरू काय?”

“तेच तं म्हणून राह्यली. पूर्ण झाली की तीच पांघरा.”

डोमाजींनी विचार केला. “पाय बाई. उन्हाळा तुह्या कलेचा, हिवाळा माह्या हाडाइचा. मंजूर असन तं ने.”

मंजूर झाले. कलेला राजाश्रय देणाऱ्यांनी इतकी स्वच्छ अट क्वचितच घातली असेल.

आता आजूबाजूच्या शाली हव्या होत्या. साधना घरोघर गेली. निवृत्त मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई यांच्याकडे शालींची एक अख्खी लोखंडी पेटी आहे. त्यांनी ती उघडून दाखवली आणि मिटली.

“एकही देता यायची नाही गं. ही नातवाच्या, अभिषेकच्या, सरांना द्यायची. ही आमच्या व्याह्यांची. ही वामनरावांची, त्यांच्या पंचाहत्तरीला.”

“पण मॅडम, ही तर वामनराव सरांनीच तुम्हाला दिली होती ना?”

“म्हणून तर. त्यांना नक्की पसंत पडेल.”

शेवटी तिला मिळाल्या त्या उंदरांनी कुरतडलेल्या. त्यांना वारस नव्हते. साधनाची कामाची पद्धत अशी, की शाल घेतली की मालकाला विचारायचे, “तुमचा सत्कार कशाबद्दल झाला होता?” आणि जे उत्तर येईल ते उंदराने केलेल्या भोकाभोवती धावदोऱ्याने लिहायचे. प्रश्न साधा होता, पण त्याने गावात भलतीच अस्वस्थता पसरली. एकाने सांगितले, उपस्थितीबद्दल. एक म्हणाले, त्या वर्षी सगळ्यांचाच झाला. एकांनी पत्नीला हाक मारून विचारले, तिलाही आठवेना. एका गृहस्थांनी दार लोटून घेतले आणि हळूच सांगितले, “मुख्य पाहुणे आले नव्हते ना, म्हणून.” ज्यांना काहीच आठवले नाही त्यांचे भोक तिने मोकळे ठेवले आणि मागून गुलदस्त्याची सोनेरी रिबीन लावली. मोकळी भोके जास्त झाल्याने काम फार झगमगीत दिसू लागले.

डोमाजींना विचारले तेव्हा ते पट्कन म्हणाले, “रिटायर झाल्यावर पुन्हा येऊन आमाले शिकवू नोका, म्हनून देल्ली.” तेही तिने लिहिले, ठळक, गाठीच्या टाक्याने, मधोमध.

कडेने तिने श्रीफळांचा काथ्या शिवला आणि मोडक्या स्मृतिचिन्हांवरची प्लास्टिकची सोनेरी अक्षरे टाचली. अक्षरे हलली की खुळखुळत. दुहेरी घडी घातली तर काम एका शालीएवढे होई. डोमाजींनी एकदा पांघरून पाहिले. काथ्या टोचला. “टोचते ते पायाकडे घेतो,” ते म्हणाले, “भोकं बुजले हे बरं झालं. पहिल्याहून गरम हाये.” कामाचे नाव ठेवले ‘सन्मानपूर्वक’.

पुण्याच्या एका कलादालनातल्या अनघाताई यांनी फोटो पाहून फोन केला. उन्हाळ्यात त्यांचे देशभरातल्या वस्त्रकलेचे प्रदर्शन होते. काम आवडले होते, पण प्रत्यक्ष हाताने चाचपून पाहिल्याशिवाय घेत नाही, म्हणाल्या. त्यांनी येऊन पसंत केले तर होळीच्या आत काम पुण्याला पोचवायचे. होळीला थंडी संपते. म्हणजे हिवाळाभर डोमाजी पांघरणार आणि उन्हाळ्यात पुणे बघणार, असे सगळे जुळून आले. साधनाच्या कामाला आर्णीबाहेरची भिंत मिळण्याचा हा पहिलाच योग होता, आणि तासिका तत्त्वावर वाट पाहणाऱ्याला दुसऱ्या योगाचा भरवसा नसतो.

अनघाताईंना दाखवायला भिंत हवी म्हणून दिवाळीनंतर सांस्कृतिक हॉलमध्ये दोन दिवसांचे प्रदर्शन ठरले. आयोजक अर्थातच समिती. उद्घाटन म्हटल्यावर सत्कार आले. प्रमुख पाहुणे, पाहुण्यांना आणणारे, हॉल देणारे, खुर्च्या देणारे, गेल्या वेळी राहून गेलेले आणि या वेळी राहून गेले तर रागावतील असे, मिळून बरीच मंडळी झाली. कलावंताचे नाव त्यांत नव्हते. “कलावंताचा सत्कार त्याची कलाच करत असते,” वामनराव साधनाला म्हणाले. ते इतके गंभीरपणे म्हणाले की तिला क्षणभर बरे वाटले.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा साधना बसस्टँडवर होती, अनघाताईंना घ्यायला. यवतमाळची गाडी उशिरा होती. (कार्यक्रमात तिचे काही काम नव्हते.)

इकडे शेवटच्या सत्काराला पेच पडला. प्रमुख पाहुण्यांच्या गाडीत महागावचे भावसिंग आडे आले होते. ते रस्त्यांची आणि नाल्यांवरच्या पुलांची कामे घेतात; आर्णीत काम होते, गाडीत जागा होती, म्हणून आले. हॉलमध्ये आले तर स्टेजवर खुर्ची रिकामी होती, म्हणून बसले. आणि स्टेजवर बसलेल्या माणसाला मोकळ्या खांद्याने खाली उतरू देणे हे समितीच्या परंपरेत बसत नव्हते.

वामनरावांनी माइकवर हात ठेवून हॉलचे चौकीदार उकंडा यांना खुणावले. “शाल आण.”

“साहेब, शाली सरल्या.”

“भिंतीवर एक आहे.”

“ते तं चित्र हाये, साहेब.”

वामनरावांनी चष्मा वर करून पाहिले. त्यांनी हयातीत हजारो शाली हाताळलेल्या. “चित्र कागदावर असतं, उकंडा. ती शाल आहे. मला शाल कळते. दुहेरी घडी घाल.”

अशा रीतीने ‘सन्मानपूर्वक’ भावसिंगांच्या खांद्यावर गेले, सन्मानपूर्वक. काथ्या मानेला टोचला, पण सत्काराच्या वेळी खाजवायचे नसते हे त्यांना ठाऊक होते. ते हसतच राहिले. अक्षरे खुळखुळली, लोकांना वाटले टाळ्या. फोटो निघाला. वामनरावांच्या खिशात नेहमी एक-दोन रिकाम्या पारदर्शक पिशव्या असतात. त्यांतल्या एकीत त्यांनी स्वतःच्या हाताने शाल नीट बसवली आणि भावसिंगांच्या हाती दिली. शिस्त म्हणजे शिस्त.

साधना अनघाताईंना घेऊन आली तेव्हा खुर्च्या उचलणे चालू होते. भिंतीवर चार खिळे होते आणि खाली पाटी: ‘सन्मानपूर्वक. शाली, काथ्या, रिबीन, प्लास्टिक, दोरा.’

“सर, काम कुठंय?”

“कोणतं काम?”

“भिंतीवरचं!”

“अगं, ते मार्गी लागलं,” वामनराव म्हणाले. “फार वेळेवर उपयोगी पडलं हो तुझं काम. कला समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे, हे मी आजच्या भाषणात बोललोच.”

अनघाताई चार खिळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना पुण्यात हे कोणी सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. “फोटोवरून मला घेता येत नाही गं,” त्या साधनाला म्हणाल्या. “परत मिळालं की कळव. होळीपर्यंत भिंत रिकामी ठेवते.” त्याच गाडीने त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बापलेक महागावला गेले. भावसिंग चांगला माणूस. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि मग हात कपाळाला लावला.

“आता काय सांगू बाई तुले! मले वाटलं भारी माल हाये. जड होती नं. काल राती इथं आमच्या हरिसिंग गुरुजींचा निरोप समारंभ होता, उमरखेडचे हायेत ते. तिथं देऊन टाकली.”

“पण उघडून नाही पाहिली?”

“सत्काराची शाल कोन उघडते, बाई?”

डोमाजी खाकरले. “मी उघडलती.”

“काका, तुमची गोष्ट येगळी हाये. तुमाले थंडी वाजते.”

उमरखेडला हरिसिंग गुरुजींनीही आदरातिथ्य केले. पण ते वेळेच्या बाबतीत काटेकोर असल्याने त्यांनी शाल सकाळीच पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, व्याह्यांना घातली होती. तिची त्यांनी मनापासून तारीफ केली: अशी वजनदार शाल आजकाल मिळत नाही. व्याही पुसदचे. व्याह्यांनी ती पुसदच्या एका सामूहिक सत्कारात दिली, जिथे एका बॅनरखाली ऐंशी जणांना ऐंशी पिशव्या मिळाल्या. कोणाला कोणती, हे समूहालाच ठाऊक.

अशा प्रकारे एका कलाकृतीने आठवडाभरात चार तालुके पाहिले. पुण्या-मुंबईच्या कलावंतांचे कामही इतके फिरत नाही. तिला कोणी पाहिले नाही, एवढाच काय तो फरक.

वामनरावांना वाईट वाटले नाही असे कोणी म्हणू नये. त्यांनी जिल्ह्यातल्या सर्व ग्रुपांवर निवेदन टाकले: खालील वर्णनाची शाल आणून देणाऱ्याचा समितीतर्फे जाहीर सत्कार करण्यात येईल. परिणाम तात्काळ झाला. रविवारी सकाळी डोमाजींच्या ओट्यासमोर एकोणीस माणसे एकोणीस पिशव्या घेऊन उभी. काही तर दिग्रसहून, दारव्ह्याहून आलेली.

“उघडा बरं एकेक,” साधना म्हणाली.

कोणी हलले नाही. रत्नप्रभाबाई पुढे होत्या. “उघडल्यावर तुझी नाही निघाली, तर या शालीचं आम्ही काय करायचं?”

“पांघरायची, मॅडम.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

मग डोमाजींनी एकेक पिशवी हातावर तोलली, हलवून कानाला लावली. खुळखुळ कुठे नव्हती. “हे नाही,” ते म्हणत आणि पिशवी परत देत. एकोणीस वेळा म्हणाले. मथुराबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “साऱ्या गावाच्या शाली आमच्या ओट्यावर आल्या, अन् बुढा चादर घेऊन झोपते.”

लांबून आलेली माणसे रिकाम्या हाताने परत पाठवणे बरे दिसत नव्हते. इतक्या दिवसांनी प्रथमच त्या रस्त्याने आलेल्या वामनरावांनी तिथेच, ओट्यावर, प्रयत्नांबद्दल सर्वांचा सत्कार केला. शाली नव्या आणाव्या लागल्या नाहीत. आलेल्याच पिशव्या एकेक माणूस पुढे सरकवल्या.

आता आपल्याविषयी.

या जिल्ह्यात, किंवा शेजारच्या, अलीकडे आपला सत्कार झाला असणार. नसता झाला तर आपण इतके वाचत बसला नसता. आपल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, पिशवीत एक शाल आहे. उचलून बघा. इतरांपेक्षा जड वाटते? आपल्यालाही ती चांगल्या मालाची वाटली होती आणि म्हणूनच आपण ती विशेष माणसासाठी बाजूला ठेवली आहे. हलवली तर काही वाजते का? बोटाला एका कडेने टोचते का? तसे असेल तर पिशवी फाडावी लागेल. आपल्याला हे जड जाईल, याची कल्पना आहे. डोमाजींनी रात्री सुती चादरीची चौघडी घालायला सुरुवात केली आहे आणि पुण्यात एक भिंत रिकामी आहे. होळी फार लांब नाही.

आपला सत्कार करण्याचा समितीचा विचार होता. साधनाने तो रद्द करायला लावला. उजव्या कोपऱ्यातल्या एका मोकळ्या भोकाभोवतीची जागा तिने शाल आणून देणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे. सुईत दोरा ओवलेला आहे. आपण दारात आलात की ती आपल्याला एवढेच विचारील, की तुमचा सत्कार कशाबद्दल झाला होता?

घाबरू नका. आठवत नसेल तर त्या दिवशीचा फोटो बघा. मागे बॅनर आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत कारण लिहिलेले आहे. नेमके तिथे आपले डोके आले आहे, एवढीच अडचण.